मला एकदा बुडवा

मी होडी बोलतेय. दचकू नका. आणि तो मोबाइल जरा खाली ठेवा, माझे फोटो काढून काढून लोकांचे हात दुखलेत, माझं मात्र त्यातून काही भलं झालेलं नाही. पाच मिनिटं ऐकून घ्या, मग खुशाल काढा.

उद्यानाच्या मोठ्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला काचेच्या भिंतींची खोली लागते. गुळगुळीत फरशी, छताला मंद दिवे, आणि मधोमध दोन लाकडी टेकूंवर मी. भोवती मखमली दोर. समोर पाटी: 'कृपया हात लावू नये.' खोली बांधताना कुणी मुद्दाम तसं केलं नसेल, पण माझं तोंड बरोबर तलावाकडे आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी पाणी बघते. उपाशी माणसाला हॉटेलच्या काचेसमोर बसवावं, तसं त्यांनी मला बसवलंय.

माझ्या पुढच्या फळीवर निळ्या अक्षरांत 'चिमणी' लिहिलंय. ते माझं नाव, पण मुळात ते माझं नव्हे. ते एका मुलीचं, आणि तेही घरातलं लाडाचं.

माझा जन्म नदीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे सुतारमामा म्हणत. माणूस तोंडाचा फटकळ. कुणी येऊन "लवकर मिळेल का?" विचारलं की म्हणायचा, "घाई असेल तर प्लास्टिकची घ्या. बादलीपण तुमच्याकडे प्लास्टिकचीच असेल." निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जात. मामाला त्याचं काही सोयरसुतक नसे.

एके दिवशी एक वाळकेसे गृहस्थ आले. शर्टाच्या खिशात छोटं भिंग, नखं स्वच्छ कापलेली, चालणं असं की धूळसुद्धा उडू नये.

"मुलीसाठी होडी करून हवी आहे," ते म्हणाले.

"वय काय मुलीचं?" मामानं रंधा न थांबवता विचारलं. "हौसेनं फिरायला हवी की शिकायला?"

"ती नाही आता."

मामानं रंधा खाली ठेवला. शेडमध्ये एकच स्टूल होतं, ते पुसून पुढे सरकवलं. मग त्या दोघांचं जे बोलणं झालं, ते मी फळ्यांच्या ढिगातून ऐकलं. तेव्हा मी अजून होडी झाले नव्हते, नुसतं लाकूड होते.

गृहस्थ घड्याळजी होते. त्यांची मुलगी या उद्यानात वनरक्षक होती. तलावाच्या मधल्या बेटावर दरवर्षी बगळे घरटी करतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे. बेटावर जायला उद्यानाची एकच होडी होती, पत्र्याची, ठिगळं लावलेली. नवी द्या म्हणून ती कार्यालयात सांगून सांगून थकली. कार्यालयाचं उत्तर ठरलेलं: यंदा तरतूद नाही. एका दुपारी वारा सुटला, मधोमध असताना ठिगळ निघालं आणि चिमणी बुडाली. कार्यालयात शोकसभा झाली. साहेबांचा गळा भरून आला. मग ती पत्र्याची होडी तळातून वर काढली, आणखी एक ठिगळ मारलं आणि पुन्हा कामाला लावली.

"दुकान विकलं मी," घड्याळजी म्हणाले. "त्यांच्याकडे तरतूद नाही ना? मग मी देतो. परत कुणाची पोर त्या डब्यात बसायला नको."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझा सगळा जन्म या एका वाक्यासाठी झाला होता.

मामानं मला जीव ओतून घडवलं. फळ्या वाफेवर वाकवल्या, तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या, प्रत्येक फटीत तेलात भिजवलेलं सूत ठोकलं. घड्याळजी रोज येऊन स्टुलावर बसत. एखादा खिळा जरा तिरका वाटला की खिशातलं भिंग काढून बघत, आणि मामा म्हणे, "अहो, ही मनगटावर बांधायची नाहीये." शेवटच्या दिवशी घड्याळजींनी स्वतः बारीक कुंचल्यानं नाव लिहिलं. हात थरथरत नव्हता. अख्खं आयुष्य बारीक कामात गेलेलं. नाव लिहून झाल्यावर मात्र कुंचला धुवायला म्हणून जे मागे गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

माझी देणगी उद्यान-मित्र मंडळामार्फत गेली. मंडळाबद्दल कडू बोलायचं तर मला पुष्कळ बोलता येईल, पण आधी खरं ते सांगते. सरकारकडून उद्यानाला जेमतेम पगारापुरतं मिळतं. बाकी सगळं मंडळ बघतं: फाटक, वाटा, पाण्याचा पंप, जखमी जनावरांची औषधं. मंडळाच्या अध्यक्षबाई पदरचा वेळ घालून दारोदार फिरतात, नाही नाही त्या लोकांपुढे हसतात आणि उद्यानासाठी मागून आणतात. त्या नसत्या तर या उद्यानाचे केव्हाच प्लॉट पडले असते. बाई वाईट नाहीत, हेच तर दुखणं आहे. वाईट असत्या तर मला त्यांना चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

देणाऱ्या लोकांची मात्र एक गंमत आहे. इथल्या प्रत्येक बाकावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. बाक इतके झालेत की बसायला माणसं कमी पडतात. झाडांना नावं आहेत, कारंज्याला आहे, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या तसराळ्यालाही आहे. पण पत्र्याच्या होडीला नवा तळ टाकायला आजवर एकही माणूस पुढे आला नाही. बाकावर नाव कोरता येतं, ठिगळावर कुठे कोरणार?

असो. मला पाण्यात सोडलं तो दिवस अजून आठवतो. सुतारमामा मुद्दाम आला होता. वल्ही ताब्यात घेतली ती शिडीनं. शिडी म्हणजे इथली दुसरी वनरक्षक. उंची अशी की दारातून वाकून यावं लागतं, म्हणून चिमणीनंच तिचं नाव शिडी ठेवलेलं. दोघी एकत्रच भरती झाल्या होत्या, एकाच डब्यातून जेवायच्या.

मामानं तिला बाजूला घेतलं. "पोरी, एक ध्यानात ठेव. लाकूड कोरडं पडलं की आक्रसतं. उन्हाळ्यात तलाव आटला की तुम्ही हिला काठावर ओढणार. मग हंगामाच्या आधी उथळ पाण्यात न्यायची, आत चार धोंडे टाकायचे आणि सरळ बुडवून ठेवायची. आठवडाभर. फळ्या फुगतात, फटी आपोआप मिटतात. घाबरायचं नाही. बुडवलेली होडीच तरते."

"कळलं, मामा," शिडी म्हणाली. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. साहेबांनीही डोलावली. घड्याळजी तेव्हा माझ्या नावावर उडालेलं पाणी रुमालानं टिपत होते. त्यांनी ऐकलं नाही.

तो एक हंगाम मी जगले. खरंच जगले. पहाटेच्या गारव्यात शिडी माझ्यात पाय ठेवायची, फळीवर थाप मारायची, "चल गं," म्हणायची, आणि आम्ही निघायचो. बेटावर बगळ्यांचा असा कलकलाट असे की शिडी स्वतःशी बोले तेही मला ऐकू येत नसे. चोरून जाळी टाकणाऱ्यांच्या मागे आम्ही धावलो. घरट्यातून पडलेली पिल्लं माझ्यात बसून काठावर आली, आणि त्यांनी माझ्या फळ्या घाण करून ठेवल्या. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. पत्र्याची होडी काठावर उलटी पडून गंजत होती. तिच्याकडे बघताना मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

उन्हाळा आला. तलाव आटला. मला काठावर ओढलं. आणि हंगाम जवळ आला तेव्हा शिडीनं मामाचं ऐकलं. उथळ पाण्यात मला नेलं, एकेक धोंडा अलगद आत ठेवला, मी काठोकाठ भरले आणि हळूहळू खाली बसू लागले. काय सांगू तो आराम! उन्हानं तडकलेल्या माझ्या अंगात पाणी शिरत होतं, एकेक सांधा मिटत होता.

नेमक्या त्याच दिवशी घड्याळजी आले.

कुणाला न कळवता आले होते. पितळी कड्या चमकवायला पॉलिशची डबी आणि फ्लॅनेलचं फडकं घेऊन. उतारावरून ते खाली आले आणि त्यांनी काय पाहिलं? मुलीचं नाव पाण्याखाली जाताना पाहिलं. 'चि' गेलं होतं, 'म' निम्मं गेलं होतं. पाण्यात उभी राहून शिडी वरून दाबत होती.

ते ओरडले नाहीत. जागच्या जागी बसले. हातातली डबी घरंगळत पाण्यात गेली. छातीला हात लावून एवढंच म्हणाले, "काढा तिला. काढा तिला वर."

शिडी धावत त्यांच्यापाशी गेली. "काका, अहो बुडाली नाही, मुद्दाम ठेवलीय. मामांनी सांगितलंय..."

"काढा गं तिला," ते पुन्हा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

शिडीनं रडत रडत धोंडे बाहेर फेकले. माळ्यानं, पहारेकऱ्यानं, सगळ्यांनी मिळून मला ओढून काढलं. कार्यालयात बैठकीला आलेल्या अध्यक्षबाई धावत खाली आल्या. त्यांनी घड्याळजींचे हात हातात घेतले आणि डोळे पुसत म्हणाल्या, "काका, शब्द देते. ही पुन्हा कधी पाण्यात जाणार नाही."

माझं वाटोळं झालं ते त्या मायेच्या शब्दानं. मारायला कुणी आलं नव्हतं हो, सगळे डोळे पुसायलाच आले होते.

माझ्यासाठी आधी छप्पर झालं, मग काचेची खोली झाली. शेजारी देणगीपेटी आली, भिंतीवर चिमणीचा गणवेशातला हसरा फोटो आला, खाली तिची गोष्ट आली. लोक गोष्ट वाचत, हळहळत, खिशात हात घालत. मंडळाच्या हळूहळू लक्षात आलं की पाण्यातल्या होडीपेक्षा फरशीवरची होडी जास्त कामाची आहे. पत्रकांवर मी आले, दिनदर्शिकेवर आले, कपांवर आले. माझ्या चित्राच्या कपातून लोक चहा पिऊ लागले.

आणि गस्तीला? गस्तीला पुन्हा पत्र्याची होडी निघाली. ठिगळावर ठिगळ. ज्या डब्यात कुणाची पोर बसायला नको म्हणून माझा जन्म झाला, त्याच डब्यात शिडी रोज बसत होती, आणि मी काचेतून बघत होते.

घड्याळजींनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. दर महिन्याला यायचे. त्यांच्यासाठी मखमली दोर सोडला जाई. फ्लॅनेलच्या फडक्यानं ते माझी फळी न् फळी पुसायचे. दमट हवा आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी त्यांनी स्वतः बुजवून घेतल्या. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पाणी शिरलं की वस्तू संपली, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. कड्या चकचकीत करत ते माझ्याशी बोलत. "चिमणे, आज बसला फार गर्दी होती गं." "चिमणे, चष्म्याचा नंबर वाढला."

दुपारच्या उन्हानं काच तापली की माझ्या अंगात कुठेतरी आवाज व्हायचा. टक्. थोड्या वेळानं पुन्हा. टक्. घड्याळजी हातातलं काम थांबवून माझ्या फळीला कान लावायचे आणि हसायचे. "चालू आहे," म्हणायचे.

ते माझं चालू असणं नव्हतं, बाबा. ते माझं लाकूड तडकत होतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

शिडीनं प्रयत्न केला. एकदा ती ओल्या बुटांनी तशीच आत आली, फरशीवर पावलं उमटवत. "काका, रागावू नका. हिला पाण्यात द्या. पत्र्याच्या होडीत मी एका हातानं वल्हवते आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसते."

घड्याळजींचा चेहरा उतरला. "तुझ्यासाठी मी मंडळाला सांगतो. तुला दुसरी देतील. पण हिला नको गं."

त्यांनी सांगितलंही. अध्यक्षबाई कसनुशा झाल्या. "मी काय कमी लोकांना विचारलं, काका? कामाची होडी म्हटलं की लोक म्हणतात, ते सरकारनं करावं. हिच्यासाठी बघा, न मागता देतात." त्यात खोटं काही नव्हतं. शिडीनं ऐकून घेतलं आणि पुसायला फडकं आणून स्वतःची पावलं स्वतः पुसली.

मग तो दिवस आला. चिमणीचा स्मृतिदिन. दरवर्षी तलावाकाठी मांडव घालतात, मोठ्या देणगीदारांना बोलावतात. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मला चाकांच्या गाड्यावर ठेवून काठापर्यंत न्यायचं. निळी फीत बांधून मला पाण्यापासून चार पावलांवर उभं केलं. मांडवात खुर्च्या, खुर्च्यांत माणसं, पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात घड्याळजी. शिडीला व्यासपीठावर बोलावलं होतं. ती आली नाही. बगळ्यांची पिल्लं उडण्याच्या बेतात होती, म्हणून ती सकाळीच बेटावर गेली होती.

साहेब भाषणाला उभे राहिले. "ही केवळ होडी नाही," इथपर्यंत आले असतील. मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "तो धूर कसला?"

बेटावर वाळलेलं गवत कमरेएवढं वाढलं होतं. आग कशी लागली ते आजतागायत कळलेलं नाही. बघता बघता धुराचा पडदा झाला आणि त्या पडद्यातून बगळे असे उसळले, की आकाशात जागा राहिली नाही. मोठे बगळे. पिल्लं नव्हेत. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं.

बेटाच्या कडेला शिडी दिसली. पत्र्याची होडी पाण्यात ढकलत होती. होडी निघाली, दोन हात पुढे आली आणि तिरकी झाली. ठिगळ गेलं होतं. शिडी पुन्हा बेटावर चढली.

मांडवात एकच पळापळ झाली. कुणी फोन लावत होतं, कुणी नुसतंच "अरे, अरे" करत होतं. आणि त्या सगळ्यांतून घड्याळजी धावत माझ्यापाशी आले. फीत त्यांनी हातानंच तोडली. "सोडा हिला! पाण्यात सोडा!" ते किंचाळले. "बघता काय? ती पोर तिकडे आहे!"

किती वर्षं मी त्या शब्दांची वाट बघत होते! इस्त्रीच्या कपड्यांतले लोक गुडघाभर चिखलात उतरले, मला लोटलं. दोन वनरक्षक वल्ह्यांवर बसले. घड्याळजी कुणी अडवायच्या आत माझ्यात चढले. पाणी माझ्या अंगाला लागलं. मनात म्हटलं, आता बघा माझं काम.

आणि पाणी आत आलं. एका फटीतून नाही, सगळ्या फटींतून. जपून ठेवलेल्या, पुसून ठेवलेल्या, पॉलिश केलेल्या माझ्या प्रत्येक सांध्यातून पाणी आत आलं. घड्याळजींनी खिशातलं फ्लॅनेलचं फडकं काढलं आणि एका फटीत कोंबलं. शेजारची उघडली. त्यांनी रुमाल कोंबला. पलीकडची उघडली. मग ते दोन्ही हातांचे तळवे फळ्यांवर दाबून बसले. "थांब ना चिमणे," म्हणत होते, "थांब ना जरा."

मी नाही थांबू शकले. काठापासून थोड्याच अंतरावर, कमरेएवढ्या पाण्यात मी तळाला टेकले. वनरक्षकांनी घड्याळजींना उचलून बाहेर आणलं. जे नाव पाण्याखाली जाऊ नये म्हणून एवढं सगळं केलं, ते त्या दिवशी सगळ्यांदेखत पाण्याखाली गेलं, आणि गेलं ते फुकट गेलं.

शहरातून अग्निशमनवाल्यांची होडी आली तोवर दुपार कलली होती. शिडी गळ्याएवढ्या पाण्यात वेताच्या मुळ्या धरून उभी होती. जिवंत होती. पण त्याआधी तिनं घरटी उचलून पाण्याकडे न्यायचा प्रयत्न केला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. बेटावर उभं असं काही उरलं नव्हतं. मोठे बगळे तीन-चार दिवस वर घिरट्या घालत राहिले, मग गेले. पुन्हा आले नाहीत.

काही आठवड्यांनी शिडी काचेच्या खोलीत आली. हातांना पट्ट्या. बोटं नीट मिटत नव्हती, आता वल्हं धरता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घड्याळजी माझ्यापाशी नुसते बसले होते, हातात फडकं नव्हतं. तिला बघून ते उठायला गेले, पण त्यांना उठता आलं नाही.

शिडी माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, जी गेली तिला तुम्ही जपलंत. मी होते ना इथे. रोज होते."

एवढंच. आवाजही चढवला नाही. वाकून दारातून बाहेर गेली ती गेली. नोकरी सोडली म्हणतात.

त्यानंतर घड्याळजी सुतारमामाला घेऊन आले. मामा फार थकला होता, काठी टेकत आला. दोर ओलांडून माझ्या फळ्यांवरून हात फिरवला आणि घड्याळजींवर जो तोंडाचा पट्टा सोडला, तो इथे सांगण्यासारखा नाही. शेवटी दमून म्हणाला, "घड्याळ केलंत तुम्ही हिचं, घड्याळ!" मग खालच्या आवाजात: "मेली नाहीये अजून. लाकूड चांगलं आहे. महिनाभर बुडवून ठेवा. फुगेल. थोडं सूत मी ठोकून देतो. तरेल."

त्याच क्षणी माझ्या अंगात कुठेतरी टक् झालं. घड्याळजी दचकले. या वेळी त्यांनी कान लावला नाही. त्यांना आता कळलं होतं.

ते तडक अध्यक्षबाईंना बोलावून घेऊन आले. माझ्यासमोरच उभे राहिले. "हिला बुडवायची आहे," म्हणाले. जीभ अडखळली, पण म्हणाले. "नाव पाण्याखाली गेलं तरी चालेल. मी काठावर उभा राहीन. मला झेपेल. पण हिला बुडवा आणि मग कामाला लावा."

घड्याळजींना हे म्हणायला किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक. माझी फळी न् फळी त्या शब्दावर टांगली होती.

अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, आता कसं जमेल?"

"का नाही जमणार?"

"आगीनंतर किती लोकांनी दिलंय तुम्हाला माहीत नाही. हिच्या नावानं नवं सभागृह होतंय. बेटावर दत्तक झाडं लावतोय. जखमी जनावरांचा दवाखाना चालतो तो हिच्यावर. उद्या लोक बघायला आले आणि होडी चिखलात बुडालेली दिसली, तर काय सांगू त्यांना? आणि पुन्हा कुठे आदळली, फुटली तर?" त्यांचेही डोळे भरले होते. त्या बाईंचे डोळे फार लवकर भरतात. "तुम्हीच म्हणाला होतात, काढा तिला. मी शब्द दिला होता तुम्हाला."

"तो शब्द मी परत घेतो."

"काका," बाई म्हणाल्या, "ती आता तुमची एकट्याची राहिली नाही."

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं, चिमणीच्या फोटोकडे पाहिलं आणि मामाचा हात धरून बाहेर गेले. पहारेकऱ्यानं त्यांच्यामागे मखमली दोर पुन्हा अडकवला.

आता माझी पाटी बदललीय. 'आगीवर धावून गेलेली होडी.' वाचा तुम्हीच. कुठवर धावले ते लिहिलेलं नाही. माझ्या फटी पुट्टीनं बुजवल्यात, वरून रंग दिलाय, त्यामुळे मी नव्याहून नवी दिसते. बेटावरच्या जळक्या जमिनीत काठ्या रोवल्यात, काठ्यांवर देणगीदारांची नावं, काठ्यांशेजारी बोटभर रोपं. आणि पत्र्याची होडी? ती तळातून वर काढली, ठिगळ मारलं. शिडीच्या जागी नवी पोर आलीय, हसरी आहे. रोज सकाळी काचेपलीकडून मला टाटा करते आणि त्या डब्यात जाऊन बसते.

घड्याळजी अजून येतात. आता त्यांच्यासाठी दोर सोडत नाहीत, तेच वाकून खालून येतात. पहारेकरी बघून न बघितल्यासारखं करतो. पिशवीतून पाण्याची बाटली काढतात, रुमाल भिजवतात आणि माझ्या नावावरून फिरवतात. पुन्हा भिजवतात, पुन्हा फिरवतात. बाटली संपेपर्यंत. पूर्वी हाच माणूस त्या अक्षरांवरचं पाणी टिपून घ्यायचा. रंगाखालच्या लाकडापर्यंत त्यातलं किती पोचतं, ते विचारू नका.

तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. त्या पेटीत काही टाकू नका. टाकायचंच असेल तर आधी बाईंना विचारा, त्या पोरीच्या होडीला तळ कधी टाकणार. त्याच्यावर माझं नाव नको, तिचं नको, तुमचंही नको. आणि जाताना, पहारेकऱ्याची पाठ वळली की हातातल्या बाटलीतलं घोटभर पाणी माझ्या तळाशी सांडा. फरशी ओली होईल. होऊ द्या.